कड्यातला वारा

परवा एका दुकानात बिनपात्याचा पंखा चालू करून ठेवला होता. आजीबरोबर आलेली एक चिमुरडी त्याच्या गोल कड्यातून हात आरपार घालून पलीकडे बोटं नाचवत होती. विक्रेत्याला तेवढंच हवं होतं. "बघा आजी, आत पातीच नाही. एकदम सेफ." आजींनी चष्मा वर सरकवला, वाकून कड्यातून पलीकडची भिंत पाहिली आणि विचारलं, "ते कळलं हो. पण मग वारा घालतंय कोण?" त्यावर उत्तर आलं, "टेक्नॉलॉजी आहे आजी." आजी गप्प बसल्या. हल्ली हा शब्द आला की समोरच्यानं गप्प बसायचं असतं. पण त्यांचा प्रश्न इतका नेमका होता की या पंख्याबद्दल जे काही ठरवायचं, ते सगळं त्या एका प्रश्नावरून ठरवता येतं. आवाज का येतो, किंमत एवढी का, धूळ कुठे जाते, बिघडला तर काय, सगळ्याचं मूळ तिथेच आहे. वारा घालणारा कड्याच्या वीतभर खाली, डब्यात बसलेला असतो.

त्या डब्याला बाजूनं बारीक भोकं असतात. हवा तिथून आत ओढली जाते. आत मोटर आणि तिच्यावर इंपेलर, म्हणजे पातीच, फक्त लहान, जवळजवळ बसवलेली आणि टेबल फॅनपेक्षा कितीतरी वेगानं फिरणारी. ही हवा वर पोकळ कड्यात ढकलली जाते आणि कड्याच्या मागच्या अंगाला आतल्या बाजूनं असलेल्या एका अरुंद फटीतून जोरात बाहेर पडते. फटीपुढचा कड्याचा आतला भाग विमानाच्या पंखासारखा किंचित फुगीर असतो. हवा त्या वळणाला चिकटून पुढे सरकते. या चिकटण्याला रुमानियन अभियंता आंरी कोआंदा याचं नाव आहे. पाहायचं असेल तर नळाच्या बारीक धारेला चमच्याची फुगीर पाठ अलगद टेकवावी. धार सरळ खाली न पडता चमच्याच्या वळणानं जाते. मग ही वेगवान, पातळ हवा आपल्याबरोबर कड्याच्या मागची हवा खेचते आणि पुढे गेल्यावर आजूबाजूचीही ओढून घेते. चिमुरडीच्या बोटांना लागला तो वारा बराचसा असा वाटेत सामील झालेला होता.

घरोघरी माहीत झालेला पंखा डायसन कंपनीनं २००९ मध्ये बाजारात आणला. त्याआधी ते हात वाळवण्याच्या यंत्रावर काम करत होते. अरुंद फटीतून सुटणारी हवा आजूबाजूची बरीच हवा ओढून नेते, हे तिथे लक्षात आलं आणि पंख्याची कल्पना निघाली. पण कल्पना अगदीच कोरी नव्हती. तोशिबाचं, म्हणजे तेव्हाच्या टोकियो शिबाउराचं, १९८१ चं पेटंट याच जातीच्या पंख्याचं होतं. पंखा मात्र घरात पोहोचला नाही. अठ्ठावीस वर्षांनी पोहोचला तो तीनशे डॉलरच्या आसपासची किंमत लावून. टेबल फॅनची किंमत ठाऊक असलेल्या कोणाही माणसानं हा आकडा ऐकून भुवया उंचावल्या असतील.

डायसनच्या त्या पहिल्या दहा इंची पंख्यात फट होती १.३ मिलिमीटरची. इथे थोडं गणित करू, कारण जाहिरातीत नसलेलं बरंच काही त्यात सापडतं. दहा इंची कड्याचा घेर साधारण ८० सेंटिमीटर. त्याला १.३ मिलिमीटरनं गुणलं तर फटीचं एकूण क्षेत्रफळ येतं जेमतेम १० चौरस सेंटिमीटर. काड्यापेटीची वरची बाजूसुद्धा याहून मोठी असते. आता डब्यातून सेकंदाला २० लिटर हवा वर आली असं धरलं, तर तिला या फटीतून सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी सत्तरएक किलोमीटर वेगानं निघावं लागतं. त्यासाठी मागे दाब लागतो. दाबासाठी वेगानं फिरणारी लहान पाती, आणि वेगानं फिरणाऱ्या लहान पात्यांना आवाज. खोक्यावर छापलेलं 'पंधरापट हवा' खोटं नाही, पण त्यातली चौदापट हवा मोटरनं ढकललेली नसते, ती खेचली गेलेली असते आणि तिचा वेग हळूहळू उतरत जातो. पंधरापट धरूनही २० लिटरचे होतात ३००. म्हणजे मिनिटाला १८ घनमीटर. सोळा इंची साधा टेबल फॅन ६०च्या आसपास देतो, अठ्ठेचाळीस इंची छताचा पंखा २१०च्या वर. शिवाय हे आकडे एका पद्धतीनं मोजलेले नसतात. टेबल फॅन आणि छताच्या पंख्यासाठी भारतीय मानकं आहेत, आयएस ५५५ आणि आयएस ३७४. त्यात हवा कशी मोजायची ते ठरलेलं आहे. कड्याच्या पंख्याचा विक्रेता 'पट' सांगतो, पण किती अंतरावर मोजले ते सांगत नाही. म्हणून खोक्यावरचे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

हा एका माणसाचा पंखा आहे.

हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचे बरेच हिरमोड टळतात. दिवाणखान्यात चार माणसं बसली आहेत आणि कोपऱ्यात कड्याचा पंखा ठेवलाय, असं चित्र जाहिरातीत शोभतं. प्रत्यक्षात त्यातल्या एकाला वारा लागतो आणि बाकीचे छताकडे बघतात. टेबलाशी लिहीत बसलेला एकटा माणूस, पलंगाच्या एका कडेला झोपणारा, शिवणयंत्रावर बसणारी बाई जिला कापड उडून चालत नाही, यांच्यासाठी मात्र तो खरोखर चांगला. साध्या पंख्याची हवा पात्यांनी कापत कापत येते. ते थपथप लागणं जवळून नकोसं होतं, कागद फडफडतात, कपाळावरच्या बटा डोळ्यात जातात. कड्यातून येणारा झोत त्यामानानं सलग असतो. काहींना तो इतका एकसुरी वाटतो की अर्ध्या तासानं त्वचा बधिर झाल्यासारखी होते, आणि काहींना त्याशिवाय वाचन होत नाही. हे ज्याचं त्यानं दहा मिनिटं समोर बसून ठरवायचं. दुकानात उभ्यानं हात धरून पाहण्यात अर्थ नाही. तळहाताला जो वारा मस्त लागतो, तोच डोळ्यांवर आला की डोळे चुरचुरायला लागतात.

आणखी एक भाबडी समजूत. चकचकीत, पांढरा, थंड दिसणारा प्रकार असल्यानं हा हवा गार करतो असं वाटतं. कुठलाही पंखा हवा गार करत नाही, घाम उडवतो. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. मुंबई-रत्नागिरीकडे हवा ३२-३३ अंशांची आणि दमट असते, तिथे घाम आपणहून वाळत नाही. म्हणून अंगावर सरळ येणारा छोटा झोतही जीव वाचवतो. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांना तोच झोत अंगावर गरम वाफारा मारतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही असाच आहे: ४० अंशांच्या वर पंख्यावर भिस्त ठेवू नये, तो अंग उलट तापवतो. तिथे वाळ्याच्या ताट्यांचा कूलरच हवा. कड्याच्या पंख्यात पाण्याची इवलीशी टाकी आणि स्पंज घालून 'मिनी एसी' म्हणून विकतात, त्याच्या नादी लागूच नये. टाकीतलं पाणी वाटीभर, त्याचा गारवाही वाटीभर. कोकणात तर नुसती ओल वाढते.

आता आवाजाबद्दल. याबद्दल लोक सर्वांत जास्त फसतात, कारण दुकानात एसी, गाणी आणि गर्दी यांत काहीच ऐकू येत नाही. पंख्याच्या सुराचा हिशेब सोपा आहे: पात्यांची संख्या गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले साठ. तीन पात्यांचा टेबल फॅन मिनिटाला १३०० फेरे घेतो, त्याचा सूर येतो ६५ हर्ट्‌झ, खालचा घुमारा, जो कानामागे पडतो. डब्यातला नऊ पात्यांचा इंपेलर ६६०० फेऱ्यांनी फिरला तर होतात ९९० हर्ट्‌झ. हार्मोनियमवर हा सूर जवळपास पांढरी सातचा, आणि आपला कान नेमका या पट्ट्यात तिखट असतो. म्हणून डेसिबलचा आकडा कमी असूनही हा पंखा 'वाजतो' असं लोक म्हणतात. रियाजाला बसणाऱ्याच्या खोलीत तर तो नकोच. काळी एकच्या तानपुऱ्याशेजारी अखंड निषादाचा किंवा त्याच्या आसपासचा सूर धरून कुणीतरी बसून राहतो. डायसननं २०१४ च्या मॉडेलमध्ये डब्यात एक पोकळी ठेवली, हजार हर्ट्‌झच्या आसपासचा सूर तिथेच अडकून जिरावा म्हणून. स्वस्त पंख्यांत अशी सोय क्वचितच असते. तिथे उपाय एकच, वेग कमी ठेवणं. फेरे २० टक्क्यांनी उतरवले की लागणारी वीज जवळपास निम्मी होते आणि आवाज सुमारे पाच डेसिबलनं खाली येतो. म्हणजे मोठ्या कड्याचा पंखा मधल्या वेगावर चालवणं हे छोटा पंखा पूर्ण वेगावर रडवण्यापेक्षा केव्हाही बरं. दुकानात विचारायचं ते "किती स्पीड आहेत?" हे नाही. दहा स्पीड असतात; त्यातल्या पहिल्या दोनला वारा लागत नाही आणि शेवटच्या तिनांत शेजारी झोपत नाही. चौथ्या-पाचव्यावर मीटरभर अंतरावर काय मिळतं, तेच खरं.

बाजारात 'ब्लेडलेस' या नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि ऑनलाइन फोटोत त्या सारख्याच दिसतात. पहिला खरा कडेवाला, वर सांगितला तसा. दुसरा उंच मनोरा. यात बऱ्याचदा फटीचा प्रकार नसतोच, आत लांब दंडगोल ब्लोअर फिरत असतो, एसीच्या आतल्या युनिटमध्ये असतो तसा. वाईट नाही, वारा रुंद पट्टीत देतो, पण ते वेगळं यंत्र आहे. तिसरा हातभर उंचीचा यूएसबीवरचा. कडं आहे, पण डब्यात संगणकात बसवतात तसला साधा चौकोनी पंखा. त्या पंख्याला दाब निर्माण करता येत नाही, त्यामुळे कंपनीला फट तीन-चार मिलिमीटर ठेवावी लागते आणि मग खेचाखेचीचं सगळं तंत्रच कोलमडतं. वारा वीतभर जातो. चौथा गळ्यात अडकवायचा, त्याबद्दल न बोललेलं बरं. ओळखायचं कसं? कड्याच्या आत मागच्या कडेला बोट फिरवून फट शोधायची. ती सगळीकडे सारख्या रुंदीची हवी. कडं दोन तुकडे जोडून केलेलं असतं. जोडणी वाकडी असेल तर एका बाजूला फट दीड आणि दुसऱ्या बाजूला अडीच मिलिमीटर होते, झोत तिरका जातो आणि शिट्टीसारखा आवाज येतो. त्यानंतर कागदी रुमालाची पट्टी कड्याच्या मागे, वीतभर अंतरावर धरायची. ती कड्याकडे ओढली जायला हवी. नाही ओढली गेली तर हा कड्याचा नुसता देखावा. घरी अगरबत्तीनं हे आणखी छान दिसतं, मागचा धूर चहूबाजूंनी वळून कड्यात शिरतो. तीच कागदी पट्टी पुढे दीड मीटरवर धरली आणि मधल्या वेगाला ती स्पष्ट हलली, तर पंखा टेबलासाठी पास.

विजेचं म्हणाल तर त्यासाठी हा पंखा घेऊ नये. तीस वॅटचा कड्याचा पंखा रोज आठ तास चालला तर महिन्याला ७.२ युनिट, पंचावन्न वॅटचा टेबल फॅन १३.२. फरक सहा युनिटचा, आणि मिळणारा वारा तिसरा हिस्सा. अठ्ठावीस वॅटचा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, छताचा पंखा याहून कमी विजेत सगळ्या खोलीची हवा फिरवतो. वाचत नाही ते नाहीच, पण दुसऱ्या एका बाबतीत मात्र कड्याचा पंखा उजवा: बहुतेकांत डीसी मोटर आणि वेगळा अडॅप्टर असतो, त्यामुळे स्वस्त इन्व्हर्टरवर टेबल फॅन जसा गुरगुरतो तसा हा गुरगुरत नाही. यूएसबीवरचा दहा वॅटचा पंखा दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर तीन तास काढतो. बँकेवरचा आकडा ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास, त्यातले काही वाटेत उष्णतेत जातात.

पण लाईट गेल्यावर काय होतं हे घेण्याआधी पाहायलाच हवं, आणि ते जवळपास कुणी पाहत नाही. टेबल फॅनचं बटण दाबलेलं असतं. लाईट आली की तो आपोआप फिरू लागतो. स्पर्शाच्या बटणांचे आणि रिमोटचे पंखे बहुधा लाईट आली तरी बंदच राहतात, कुणीतरी उठून चालू करेपर्यंत. रात्री दोनला पाच मिनिटं लाईट गेली आणि आली, तर खेड्यापाड्यात काय किंवा पावसाळ्यातल्या उपनगरात काय, पुढची झोप घामात. बाळाच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत ही उणीव साधी नाही. दुकानात चालू पंख्याचा प्लग काढायचा, दहापर्यंत मोजायचं, परत लावायचा. आपणहून सुरू झाला आणि आधीच्याच वेगावर आला, तर त्या कंपनीनं विचार केलाय. विक्रेता जरा कुरकुरतो, कुरकुरू द्यावं.

अमेरिकेतून बॅगेत घालून आणलेल्या पंख्याची गोष्ट निराळी. भाऊबीजेला, मुंजीला, कुणीतरी हौसेनं आणतं. तळाशी चिकटवलेली पट्टी वाचल्याशिवाय तो भिंतीत लावायचा नाही. '१००-२४०' असेल तर फक्त पिन बदलायची. नुसतं '१२०' असेल तर आपल्या २३० व्होल्टवर पहिल्याच मिनिटाला बोर्ड जळतो. दहा-वीस रुपयांची पिन बदलणारी सोंगटी व्होल्टेज बदलत नाही, त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो मिळतो, पण जड, गरम होणारा आणि स्वतः गुणगुणणारा. शांत पंख्याशेजारी ठेवायला काही बरा नाही. हीटर असलेला पंखा असेल तर विचारच सोडावा. दीड-दोन हजार वॅटला त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर कोण सांभाळणार? इथे घेतलेल्या हीटरवाल्या पंख्यालाही सोळा अँपिअरचं मोठं सॉकेट लागतं, आणि नाशिकच्या डिसेंबरचे काही आठवडे सोडले तर त्याचे पैसे वसूल होत नाहीत.

रिमोट हा या पंख्याचा सगळ्यात नाजूक अवयव. सुपारीच्या डबीएवढा, कड्याच्या डोक्यावर लोहचुंबकानं चिकटणारा, आत नाण्याएवढा सेल. काही मॉडेलांत डब्यावर फक्त चालू-बंदचं बटण असतं. वेग, मान फिरवणं, टायमर सगळं रिमोटवर. रिमोट गादीखाली गेला की तीस वॅटचा पंखा एकाच वेगाचा होऊन बसतो. डब्यावर निदान वेगाची बटणं असलेलाच घ्यावा. नाण्यासारखा सेल लहान मुलानं गिळला तर तो अन्ननलिका भाजतो, म्हणून सेलचं झाकण स्क्रूचं आहे का हेही पाहावं. मान फिरण्याचं बघताना कान डब्याजवळ न्यावा. खाली प्लॅस्टिकच्या दात्यांची छोटी गिअर असते. नवीन असतानाच वळणावर टकटक करत असेल तर वर्षभरात दाते झिजणार. झोत वर-खाली करायला सगळा डबा थोडा कलतो, तो हाताला घट्ट लागला पाहिजे. सैल असेल तर पंखा रोज थोडी मान टाकतो आणि आठवड्यानं आपण पोटावर वारा घेत बसतो.

जागेविषयी एकच पण महत्त्वाचं. ह्याला मागून हवा लागते. भिंतीला टेकवून, पुस्तकांच्या कप्प्यात किंवा पडद्याला चिकटवून ठेवला की खेचायला हवाच उरत नाही. उरतो तो फक्त फटीतला पातळ, शीळ घालणारा झोत. मागे फूटभर मोकळं असावं. टेबलावर समोर ठेवण्यापेक्षा डाव्या-उजव्या कोपऱ्यात, दोन-अडीच फुटांवर, छाती आणि मानेकडे रोखलेला बरा. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी तर तोंडावर घेऊच नये. व्हिडिओ कॉलवर बोलायचं असेल तर माइकच्या पाठीमागे ठेवू नये, पलीकडच्याला वारा ऐकू येतो. मच्छरदाणीबाहेरून हा पंखा निरुपयोगी आहे, जाळी झोताचा जीवच काढते. मच्छरदाणीच्या आत मात्र छोटा यूएसबीचा खरोखर चालतो, कारण कापड अडकायला बाहेर काही फिरतच नाही.

हाच न अडकण्याचा गुण मुलांच्या घरात मोलाचा. ओढणी, वेणी, साडीचा पदर, रांगत्या मुलाची बोटं, टेबल फॅनच्या जाळीनं यांतलं बरंच काही पाहिलेलं आहे. इथे ती भीती नाही. दुसऱ्या आहेत. कड्याला धरून उभं राहायला मुलांना फार आवडतं, आणि डबा हलका असेल तर पंखा अंगावर येतो. म्हणून वजन कमी असणं इथे कौतुकाचं नाही. दुकानात कड्याच्या टोकाला एका बोटानं ढकलून बघावं, तो डुलून जागेवर यायला हवा. फटीत नाणं, सेलोटेपचा तुकडा, खोडरबराचा चुरा सहज जातो आणि घरंगळत इंपेलरपर्यंत पोहोचतो. वरून पाणी सांडलं तर तेही पोकळ कड्यातून थेट मोटरवर. अशा वेळी प्लग काढून पंखा उलटा करून ठेवायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही.

पुसायला सोपा, अशी याची ख्याती आहे. अर्धी खरी. कडं ओल्या फडक्यानं एका हातात पुसून होतं, टेबल फॅनची जाळी काढून पाती धुण्याचा दिवाळीतला कार्यक्रम वाचतो. पण धूळ कमी झालेली नाही, ती दिसेनाशी झाली आहे. डब्याच्या भोकांतून ती आत जाते, इंपेलरच्या कडांवर बसते, आणि तो किंचित जरी असमतोल झाला तरी एवढ्या वेगाला सूर बदलतो. उरलेली फटीत. १.३ मिलिमीटरच्या फटीत ०.१३ मिलिमीटरचा थर बसला की वाटेचा दहावा हिस्सा गेला. गोधडीचा कापूस, अगरबत्तीची काजळी, फोडणीचा तेलकट धूर, शेजारच्या बांधकामाची माती, आपल्या घरांत थर बसायला वेळ लागत नाही. महिन्यातून एकदा प्लग काढून भोकांवरून कोरडा मऊ ब्रश आणि शक्य तर व्हॅक्यूमचं तोंड फिरवावं. कडं बहुतेकांत डावीकडे वळवून निघतं. निघालं की इंपेलर वरून दिसतो, तो रंगकामाच्या नव्या ब्रशनं झाडावा, बोटानं फिरवत. फटीसाठी जुनं व्हिजिटिंग कार्ड सगळ्यात चांगलं, त्यावर पातळ सुती फडकं गुंडाळून एकदाच गोल फिरवायचं. स्क्रूड्रायव्हर किंवा सुरी घालू नये. फटीच्या ओठाला खाच पडली की शिट्टी कायमची. स्वयंपाकघरात ठेवायचा विचार असेल तर तो सोडावा, तेलात बसलेली धूळ ब्रशनं निघत नाही. आणि पावसाळ्याआधी गुंडाळून ठेवताना भोकांवर कागद चिकटवावा. मुंग्या आणि झुरळांना उबदार, कोरडा, काळोखा डबा फार पसंत पडतो. झुरळ सर्किट बोर्डावर फिरलं की लोकांना वाटतं कंपनीचा दोष आहे.

दुरुस्तीबद्दल मात्र मन साशंक राहतं. टेबल फॅन मंद झाला की कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन कंडेन्सर बदलतो, बुशाला तेल देतो, अगदीच झालं तर वाइंडिंग करून आणतो. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत त्याचा प्रत्येक सुटा भाग मिळतो आणि पंखा वीस-वीस वर्षं चालतो. कड्याच्या पंख्यात मोटर आणि तिला चालवणारा बोर्ड एकमेकांसाठीच बनवलेले. बोर्ड गेला की बोर्डच हवा, त्याच मॉडेलचा, आणि ऑनलाइनच्या बिननावाच्या विक्रेत्याचं ते मॉडेल पुढच्या उन्हाळ्यात अस्तित्वातच नसतं. म्हणून दोन-तीन हजारांच्या पंख्याकडे तीन उन्हाळ्यांची वस्तू म्हणून बघावं, आणि महागडा घ्यायचा असेल तर सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे का हे फोन करून विचारावं. वेबसाइटवर नकाशात असणं आणि शहरात असणं यात फरक असतो. काय बिघडलंय हे कळायला एक साधा क्रम उपयोगी पडतो: दिवा लागत नाही, तर आधी अडॅप्टर, दिवा लागतो पण वारा नाही, तर इंपेलरमध्ये काही अडकलंय का, फिरतो पण वारा कमी, तर फट आणि भोकं, मध्येच थांबतो आणि दहा मिनिटांनी चालतो, तर भोकं तुंबून मोटर तापते आहे. पहिली शंका बहुतेक वेळा खरी ठरते, कारण सगळ्यात आधी मरतो तो अडॅप्टर.

तो बदलताना व्होल्ट अगदी तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, पिनेच्या आतला धन-ऋण जुळला पाहिजे, आणि अंगावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. घरातल्या खणात राउटरचा बारा व्होल्टचा आणि पंख्याचा चोवीस व्होल्टचा अडॅप्टर शेजारी पडलेले असतात, दोघांची गोल पिन बऱ्याचदा एकाच मापाची. बाराचा पंख्याला लावला तर पंखा नुसता कण्हतो, किंवा चालतच नाही. चोवीसचा राउटरला लावला तर राउटर जातो. खोकं उघडल्या उघडल्या अडॅप्टरवर पांढऱ्या मार्करनं 'पंखा, २४' असं लिहून टाकावं.